बंद कडं

दिवा लावायचा असेल तर आत्ताच लावा. मध्येच उठून बटणाकडे पळायचं नाही. आणि धाकटे, तू डोक्यावरून चादर घेऊ नकोस. चादरीतून अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं आपलं मन पदरचं घालतं, आणि मनाला थांबायचं कुठं ते कळत नाही.

ही कुणाच्या मामाच्या मित्राची गोष्ट नव्हे. माझ्या घड्याळाच्या दुकानासमोर ज्याचं दुकान होतं, त्याची आहे. मधली गल्ली इतकी अरुंद की तो शिंकला तर मी इकडून काळजी घे म्हणायचो. तो चांदीचं काम करायचा. डाव्या डोळ्याला काचेचं भिंग कायम अडकवलेलं, म्हणून सगळे त्याला भिंगच म्हणत. त्याची बायकोसुद्धा म्हणायची, फक्त तो समोर नसताना.

भिंगाची ख्याती अशी, की चांदीचा जुना दागिना त्याच्या हातावर ठेवला की तो कुणी घडवला, कुठं घडवला, किती वर्षं अंगावर होता, सगळं सांगायचा. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण चांदीचं दोन्ही शोधावं, असं त्याचं म्हणणं. एकदा एक गृहस्थ पणजीचा म्हणून कमरपट्टा घेऊन आले. भिंगानं सांगितलं, पणजी दहा वर्षांपूर्वीपर्यंत हयात असतील तर त्यांचा असू शकतो, कारण हा मशीनवर ओतलाय. गृहस्थ पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत. खरं बोलण्याची खोड होती त्याला, आणि भूतखेत तर त्याच्या गावीही नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. वेळा मी सांगतोय त्या अंदाजपंचे नाहीत. घड्याळवाल्याच्या गोष्टीत वेळच चुकली तर बाकीचं कोण खरं मानणार?

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गल्लीच्या टोकाला राहणारी शिलाईवाली त्याच्या दुकानात आली. शाळेचे गणवेश शिवायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सासू तीन आठवड्यांपूर्वी वारलेली. बरोबर तिची नऊ वर्षांची मुलगी होती. साखरेचा डबा कुठंही लपवला तरी हिला सापडायचाच, म्हणून आजीनं तिचं नाव मुंगी पाडलेलं. एरवी ही मुंगी भिंगाच्या सगळ्या डब्या उघडून बघायची. त्या दिवशी आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर गप्प बसली. उजवा हात तिनं फ्रॉकच्या खिशात घातला होता.

शिलाईवालीनं पिशवीतून एक पुडकं काढलं. दवाखान्यात जखमेवर बांधतात ती जाळीची पट्टी, पिवळी पडलेली, आणि तिच्यात गुंडाळलेलं चांदीचं कडं. लहान मुलाच्या हाताचं. सासूच्या पत्र्याच्या पेटीत तळाला होतं, ती सांगत होती. घरात कुणी ते कधी पाहिलेलं नाही. सासू शेवटचे दोन दिवस एकच वाक्य बोलत होती, तिचं तिला द्या. तिचं म्हणजे कुणाचं, ते विचारलं की तोंड फिरवायची.

"दादा, एवढंच सांगा, हे आलं कुठून," शिलाईवाली म्हणाली. "मला परत द्यायचंय. आणि लवकर द्यायचंय."

लवकर का, हे भिंगानं विचारलं. ती मुलीकडे बघत राहिली. मग मुंगीनंच सांगितलं. पेटी उघडली त्या दिवशी तिनं ते कडं हातात घालून बघितलं होतं. अंगठ्यापाशी अडकलं, म्हणून काढून ठेवलं. त्या रात्रीपासून कुणीतरी एक मुलगी येते आणि तिचा उजवा हात घेऊन जाते. सकाळी आणून देते.

"पहिल्यांदा उठायच्या आतच आणून द्यायची," मुंगी म्हणाली. "मग शाळेच्या वेळेला. मग दुपारी. काल दिवे लागल्यावर दिला."

तिच्या आईनं खिशातून तिचा हात काढून भिंगाच्या हातावर ठेवला. दोन डॉक्टर झाले होते. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं ठीक. अशक्तपणा असेल, म्हणाले. भिंगानं हात दाबून बघितला. बोटं कोमट होती, नुकतीच ऊब येऊ लागल्यासारखी. पण मनगटाभोवती एक पट्टा बर्फासारखा गार. बरोबर करंगळीएवढ्या रुंदीचा. कडं जिथं बसतं, तिथंच.

"आत्ताच आलाय," मुंगी म्हणाली. "तुमच्या पायऱ्या चढताना."

 न पटणाऱ्या गोष्टीवर बोलण्यापेक्षा हातातली वस्तू बघावी, हा भिंगाचा शिरस्ता. त्यानं कडं दिव्याखाली धरलं, डोळ्यावरचं भिंग नीट बसवलं.

आता जरा कामाचं ऐका, कारण सगळं त्यावर आहे. लहान मुलं दागिने हरवतात. म्हणून काही आईबाप सांगायचे, निघणारच नाही असं कडं करा. मग कारागीर उघडं कडं मुलाच्या हातात घालायचा, दोन टोकं एकमेकांत बसवायचा आणि आरपार चांदीचा खिळा ठोकायचा. वरून कानस मारली की जोड दिसतसुद्धा नाही. कडं बंद. मूल वाढलं की पुन्हा यायचं, कारागीर खिळ्याचं डोकं घासून उडवणार, कडं उघडणार, तुकडा घालून मोठं करणार. खिळा न काढता ते हातातून निघत नाही. निघू नये म्हणूनच तर केलेलं असतं.

भिंगाला जोड सापडला. आणि जोडावर एक नव्हे, दोन खिळे सापडले.  दोन खिळे मारणारा एकच माणूस त्याला माहीत होता, आणि तो मागच्या खोलीत झोपलेला होता.

भिंगाचे वडील, थोरले, शहाऐंशीचे. दोन वर्षांपासून अंथरूण धरलेलं. उठवलं तर बसत, उभं केलं तर पाय दुमडत. माणसं विसरले होते. लेकाला कधी डॉक्टर म्हणायचे, कधी पोस्टमन. पण धातू विसरले नव्हते. भिंगानं त्यांच्या हातात कडं दिलं. डोळे न उघडताच त्यांनी ते बोटांत फिरवलं, जोडावर नख लावलं.

"माझंय," म्हणाले. "दोन खिळे. बाकीचे एकच मारायचे. आळशी."

मग ते बोलायला लागले. दोन वर्षांत सलग एवढं बोलले नव्हते. गावाबाहेर पाण्याची टाकी आहे, तिथल्या राखणदाराची पोर. नऊ वर्षांची. दोन बांगड्या टाकीत पाडलेल्या, म्हणून आईनं बंद कडं करायला आणलं. खिळा ठोकताना पोर सारखी हात आखडून घेत होती. तिनं विचारलं, मी मोठी झाल्यावर काय करायचं? थोरले म्हणाले होते, ये माझ्याकडे, उघडून मोठं करून देईन.

"आली नाही," म्हातारा म्हणाला. "तापानं गेली. मोठ्या दवाखान्यात. टाकीच्या मागं पुरली, तिसऱ्या खांबाजवळ. मी गेलो होतो ना. हातात कडं नव्हतं. बापानं दवाखान्यात विचारलं. ते म्हणाले, नव्हतंच."

चाळीस वर्षं झाली होती त्याला.

भिंगानं कडं परत घेतलं आणि पुन्हा काचेखाली धरलं. खिळ्यांची डोकी शाबूत. कुणी कानस लावलेली नाही, कुणी करवत लावलेली नाही. म्हणजे कडं एकदा बंद झालं ते कधीच उघडलेलं नाही. फक्त खिळे जरासे सैल, आणि गोलाई बिघडलेली. अंड्यासारखी लांबट झालेली.

त्यानं वडिलांना विचारलं, उघडलं नाही तर मग निघालं कसं?

 म्हाताऱ्यानं लेकाचा उजवा हात धरला. चाचपत अंगठ्याच्या मुळाशी आला. आणि सगळा जोर लावून अंगठा तळहाताच्या आत दाबला. भिंग कळवळला.

"असं," म्हातारा म्हणाला. "हे हाड मोडलं की हात निमुळता होतो. जिवंत हात ओरडतो. मेलेला ओरडत नाही."

शिलाईवाली दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती हळूच खाली बसली, तिथंच उंबऱ्यावर. तिची सासू तीस वर्षं त्या मोठ्या दवाखान्यात आया होती. गेलेल्यांना पुसून, कपडे बदलून घरच्यांच्या ताब्यात द्यायचं, हे तिचं काम.

"माझ्या सासूनं दवाखान्यातून कापसाचा बोळा कधी घरी आणला नाही, दादा," ती म्हणाली. 

मला विचाराल तर मला त्या सासूची कीव येते. चोरी एका मिनिटाची, आणि चाळीस वर्षं ती वस्तू ना विकता आली, ना घालता आली, ना टाकता आली. पण कीव आली म्हणून केलेलं फिटत नाही. आणि फेडायची वेळ आली ती नातीच्या हातावर.

स्टुलावरून मुंगीनं विचारलं, "आई, उद्या ती हात आणून देईल ना? का ठेवूनच घेईल?"

भिंग माणूस चांगला. त्यानं सांगितलं, ताई, तुम्ही पोरीला घेऊन घरी जा, तिला एकटी सोडू नका. टाकी मला माहीत आहे, मी देऊन येतो. विश्वास बसला होता का त्याचा? तो म्हणायचा, नव्हता बसला. पण त्याच्या तळहाताला तो गार पट्टा अजून जाणवत होता.

सात पंचवीसला मायलेकी गेल्या. आणि इथं भिंगानं ती चूक केली. तुम्ही आम्ही केली नसती. आपण ते कडं तसंच उचलून नेलं असतं. पण कारागिराचे हात. सैल खिळा दिसला की शिवशिवतात. त्या दुकानातून कधी सैल खिळ्यानं वस्तू बाहेर गेली नव्हती, थोरल्यांच्या काळापासून. त्यानं कडं लोखंडी दांड्यावर चढवलं, ठोकून ठोकून पुन्हा गोल केलं. काळपट थर पुसला. दोन्ही खिळ्यांवर चार चार टोले मारून ते घट्ट बसवले. नव्यासारखं केलं. मी समोरून बघत होतो, कानावर टोले येत होते. सात चाळीसला त्यानं स्कूटर काढली. मी विचारलं, कुठं? म्हणाला, जुनी ऑर्डर राहिलीये द्यायची.

सव्वाआठला तो टाकीजवळ पोचला. पाणी आता नव्या टाकीतून येतं, ही नुसतीच उभी आहे. राखणदाराच्या खोलीला छप्पर नाही. फोनच्या उजेडात त्यानं खांब मोजले. तिसऱ्याजवळ जमीन जराशी खचलेली. त्यानं खुरप्यानं हातभर खड्डा केला, कडं ठेवलं, मनात म्हणाला, तुझं तुला. माती लोटली, बुटानं दाबली.

आता तुम्हाला वाटलं असेल, वारा सुटला, कुत्रं रडलं. काही नाही. लांब रस्त्यावर एक ट्रक गेला, तेवढंच. आठ चाळीसला त्यानं शिलाईवालीला फोन केला, दिलं म्हणून. तिनं मुलीचा हात चाचपला. गरम होता. मनगटसुद्धा. ती फोनवरच रडली, आणि भिंगालाही बरं वाटलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तो घरी आला. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, घरात दोघंच. पुढं दुकान, मधे बोळकांडी, मागं वडिलांची खोली. दुकानाचं शटर त्यानं आतून ओढलं, कुलूप लावलं. वडिलांना चार घास भरवले. तोंड पुसता पुसता सांगितलं, बाबा, तिचं कडं देऊन आलो.

"उघडून दिलंस ना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

भिंगाला वाटलं, बाबा कामाची चौकशी करतायत. तो जरा तोऱ्यातच म्हणाला, छे, उघडं कशाला, चांगले खिळे घट्ट करून दिलंय.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं लेकाला ओळखून बघितलं. बघितलं, आणि भिंतीकडे कूस बदलली. 

भिंग आडवा झाला. झोप येईना. काहीतरी चुकलंय असं वाटत होतं, पण काय, ते हाताला लागत नव्हतं.

दहा पन्नासला फोन वाजला.

शिलाईवाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. हात पुन्हा गार पडलाय, या वेळी कोपरापर्यंत. पोर झोपेत आहे, हलवून जागी होत नाही. झोपेतच बोलतेय. एकच शब्द... बंद आहे... बंद आहे...

"आणि दादा, तिचा अंगठा आत वळतोय. मी सरळ करते. तो परत वळतोय. जोरात. कुणीतरी दाबतंय, दादा. मोडेल तो."

तेव्हा भिंगाला कळलं.

कडं बंद होतं. चांगलं गोल, चांगलं घट्ट, त्यानं स्वतः ठोकलेलं. ते हातातून निघालं तसंच हातात जाणार. एकाच वाटेनं. आणि तिला स्वतःच्या हातानं ते जमत नव्हतं, म्हणून ती दुसऱ्याच्या...

तो उठला. कानस, पक्कड, किल्ली. टाकीपर्यंत पस्तीस मिनिटं. फार होती. तरी निघायचं होतं. तो बोळकांडीत आला आणि थांबला.

वडिलांच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंग रिकामा. पांघरूण खाली पडलेलं.

दुकानात दिवा होता.

आणि आवाज. खर्र... खर्र... कानशीचा.

भिंग भिंतीला धरून पुढं गेला. थोरले बैठकीवर बसले होते. ताठ. दोन वर्षं ज्या पायांनी उभं राहता येत नव्हतं, त्या पायांची मांडी घातलेली. पुढ्यात कडं. त्याला ओली माती लागलेली.

तेच. हातभर खोल पुरलेलं.

समोर गिऱ्हाइकाचं स्टूल. स्टुलावर कुणी नव्हतं.

खर्र... खर्र...

"झालं हं," म्हातारा म्हणाला. स्टुलाकडे बघून. लहान मुलांशी बोलायचा तो आवाज, भिंगानं तो तीस वर्षांत ऐकला नव्हता. पहिला खिळा निघाला. मग दुसरा. म्हाताऱ्यानं कड्याची टोकं फाकवली.

"मोठी झालीस का ग?"



म्हातारा मान कलती करून ऐकत होता. कुणीतरी अगदी हळू बोलावं तसा.

"नाही?" तो म्हणाला. "बरं. मग आहे तेवढंच ठेवू."

त्यानं डावा हात पुढं केला. हवेत काहीतरी धरलं. अलगद, तळाशी. उजव्या हातानं त्याभोवती कडं घातलं. टोकं जुळवली. नवे खिळे चिमट्यानं बसवले.

"हलू नको. दुखणार नाही आता."

टक्.

टक्.

टक्.

  म्हाताऱ्यानं हातोडी ठेवली. उजवा हात काढला. डावा हात काढला.

कडं पडलं नाही.

ते तिथंच राहिलं. स्टुलापुढं, हवेत. मग स्टूल कुरकुरलं. कडं खाली आलं... एखादं पोर स्टुलावरून उतरतं तसं. शटरकडे गेलं. सावकाश. शटर बंद, कुलूप आत.

भिंगानं डोळे मिटले नव्हते. तो शपथेवर सांगायचा, मिटले नव्हते. कडं शटरपर्यंत दिसत होतं. मग नव्हतं.

म्हाताऱ्यानं वळून लेकाकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अंगठा मोडलाय रे तिचा," तो म्हणाला. "कुणी मोडला?"

 म्हातारा एका बाजूला कलंडला. भिंगानं धावत जाऊन सावरलं, तेव्हा अंगात काही जोरच उरला नव्हता. अकरा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. शिलाईवालीचा नंबर, पण बोलली मुंगी. झोपाळलेला आवाज.

"काका, हात आला."

बस, एवढंच बोलली. मागं तिची आई रडत होती.

थोरले पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी गेले. झोपेतच, शांत. भिंगानं पहिला फोन मला केला. मी गेलो तेव्हा तो बैठकीजवळ जमिनीवर बसला होता आणि एकच बोलत होता. उघडून दिलं असतं तर तिला यायला लागलं नसतं. यायला लागलं नसतं तर बाबांना उठायला लागलं नसतं. मी त्याची समजूत काढली. शहाऐंशी वर्षांचा माणूस, कधीतरी जायचाच, असं सगळे म्हणतात ते मीही म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. मग मला रात्रीचं सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. टाकीमागं जाऊन त्यानं माती उकरून कधी पाहिलं नाही. मीही सुचवलं नाही. मुंगी आता सहावीत आहे, अक्षर चांगलं आहे तिचं.

तुम्ही म्हणाल, रात्रभर जागा, घाबरलेला, वडील गेलेले. त्याला भास झाला असेल. मलाही तेच वाटलं होतं. साडेपाचपर्यंत.

साडेपाचला आम्ही दोघांनी थोरल्यांना पुसलं, नवा सदरा घालायला घेतला. उजवी बाही भिंगानं घातली. डावी माझ्याकडे आली. हात बाहीत घालायला मी मनगट धरलं, आणि दिव्याकडे केलं.

मनगटावर बोटांचे वळ होते. निळे. एका ओळीत चार. लहान, नऊ वर्षांच्या पोरीची असतात तेवढी बोटं. दुखेल म्हणून घट्ट धरावं तसे खोल गेलेले.

भिंगाला दिसू नयेत म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली, आणि मनगट उलटं करून पलीकडची बाजू बघितली. चार बोटं इकडं, तर अंगठ्याचा वळ तिकडं हवा.

नव्हता.

मी बाही खाली ओढली आणि बटण लावलं.